नऊ तास उभ्याने

परवा डोंबिवलीतल्या आमच्या शिवणवर्गाची नवी तुकडी सुरू करायची होती. मशीन बारा, आणि नावं आली पाच. पूर्वी याच वर्गासाठी नावं लिहून ठेवावी लागायची. शिकवणाऱ्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अहो ताई, पोरी आता ब्लाउज शिवायला कशाला येतील? सगळ्या कपड्यांच्या दुकानांत लागल्यात. महिन्याच्या महिन्याला पगार, वर एसी."

मला आधी रागच आला. मग घरी येऊन स्वतःचं कपाट उघडलं. वर्षभरात शिवून घेतलेले ब्लाउज दोन. बाकी कुर्ते, लेगिंग्ज, मुलीचे टॉप सगळे तयार आणलेले. काकूंचं गिऱ्हाईक तर मीच तोडलं होतं!

माझ्या लहानपणी कपडे घेणं म्हणजे ठाण्याचा जांभळी नाका नाहीतर उल्हासनगरचं गजानन मार्केट. ताग्यातून कापड फाडून घ्यायचं आणि शिंप्याकडे दिवाळीपर्यंत खेटे घालायचे. १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप सुरू झालं. तिथे जाणं म्हणजे दादरला गाडी बदलून केलेली सहलच. थंड हवा खायची, किमतीची चिठ्ठी उलटून बघायची आणि परत यायचं. त्या दुकानाची नवलाई अशी की दहा कंपन्यांचे कपडे एका छताखाली, हात लावून बघा, कोणी हटकणार नाही. पण दर त्या त्या कंपनीचा. नावाचे पैसे मोजायचे आणि दुकानाच्या दिमाखाचेही.

दुसरी वाट टाटांनी काढली. १९९८ मध्ये त्यांनी लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि कपड्यांच्या दुकानदारीत पैसा घातला. सिमोन टाटांच्या पुढाकाराने ट्रेंट ही कंपनी आणि वेस्टसाइडची दुकानं उभी राहिली. इथे भर होता दुकानाच्या स्वतःच्याच मालावर. मधल्या नावाचा नफा वगळला की दर खाली येतो, हे साधं गणित. २०१६ मध्ये आलेल्या झुडिओने ते टोकाला नेलं. बहुतेक माल हजाराच्या आत, जाहिरात जवळपास नाही, घरबसल्या मागवायची सोय नाही, दुकानातच या. मार्च २०२५ अखेर झुडिओची दुकानं ७६५ झाली होती, वेस्टसाइडची २४८. नऊ वर्षांत धाकटं भावंड थोरल्याच्या तिप्पट! आणि गंमत बघा, अनेक ब्रँड एका छताखाली आणणाऱ्या शॉपर्स स्टॉपलाही २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा स्वस्त माल विकणारं 'इनट्यून' काढावं लागलं.

ही वाढ पेडर रोडवरच्या बायकांच्या जोरावर झालेली नाही. ती तुमच्या-माझ्या जोरावर झाली. ठाण्यात २००९ मध्ये कोरम मॉल आला, २०१३ मध्ये विवियाना, तेव्हा आपण सणासुदीलाच तिकडे वळत होतो. आता कल्याण-डोंबिवलीतली मुलगी कॉलेजातून येताना टॉप घेऊन येते. आमच्याकडे साध्या कुर्त्याची मजुरीच तीनशेच्या पुढे गेली आहे, कापड वेगळं. तेवढ्यात तयार कुर्ता मिळतो. हिशोब करणारी बाई दुसरं काय करणार? स्वस्त कपड्याला नाकं मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. मोलकरणीच्या मुलीनेही चांगला दिसणारा टॉप घालून कॉलेजात जावं, त्यात वाईट काय आहे?

अर्थात दुकानं वाढली म्हणजे ती टिकतातच असं नाही. किशोर बियाणींनी १९९७ मध्ये कोलकात्यात पँटलून्सचं मोठं दुकान काढलं, २००१ पासून बिग बझार. सगळा देश तिथे रांगा लावत होता. कर्ज वाढत गेलं. पँटलून्स आधीच बिर्लांकडे गेली होती, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत बिग बझारच्या अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सने घेतला. पाटी उतरली. अशा वेळी वर्तमानपत्रात कंपनीची आणि बँकेची बातमी येते, काउंटरवरच्या मुलीची येत नाही.

त्या मुलीचंच सांगायचं आहे. आमच्या वर्गात शिकलेली एक जण दोन वर्षं अशाच एका मोठ्या दुकानात आहे. रविवारी तिला सुट्टी नसते, म्हणून मंगळवारी भेटायला आली. सांगत होती की, पगार बँकेत जमा होतो, पीएफ कापला जातो, घरात तिच्या शब्दाला वजन आलं आहे. हे ऐकून मी जरा वरमलेच. इतकी वर्षं आम्ही बायकांना मशीन देत आलो, 'घरबसल्या कमवा' म्हणत आलो. पण घरात बसून कमावलेल्या पैशाला घरातलं कोणीच पगार म्हणत नाही. मशीनवरून हाक मारली की उठून चहा ठेवायलाच लागतो.

मग ती हळूच म्हणाली, "ताई, पायांत गोळे येतात. बसायचं नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक नसलं तरी घड्या घालत राहायचं. पाळीचे दिवस असले तरी."

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि घरापर्यंत वाहन हवं. पण साडेनऊला सोडलं की वाहनाचा प्रश्नच मिटतो, मालकाचा! पुढे ठाण्याहून लोकल, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग, हे तिचं ती बघून घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने नऊ तासांची मर्यादा दहावर न्यायला मंजुरी दिली. गुंतवणूक वाढेल, म्हणतात. वाढेलही. पोटऱ्यांचं काय?

केरळात कोझिकोडच्या विजी या बाईने दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं, आधी स्वच्छतागृहासाठी, मग बसण्याच्या हक्कासाठी. विजी स्वतः शिवणकाम करणारी. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितांमध्येही उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची जागा देण्याची तरतूद आहे. म्हणजे कागदावर स्टूल आलं आहे. दुकानात ते कुठे आहे, एवढंच विचारायचं.

आमच्या वर्गाचं आम्ही ठरवलं. पाच तर पाच, तुकडी सुरू करायची. ब्लाउज आणि तयार कपड्यांचं अल्टरेशन एवढंच शिकवायचं, कारण तयार कुर्ता खांद्यात बसला तर बाहीत सैल होतो, हा सगळ्यांचा अनुभव. आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी मंगळवारी संध्याकाळी तासभर बसायचं, कायदा वाचून दाखवायचा.

गेल्या आठवड्यात भाचीसाठी टॉप घ्यायला गेले होते. बिल करणारी मुलगी वीस-एकवीसची असेल, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती. मी विचारलं, "बाळा, तुम्हाला बसायला स्टूल नाही का गं?" तिने मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे पाहिलं, जरा हसली आणि म्हणाली, "मॅडम, कॅरीबॅग हवी का?"