नाव नसलेला वायू

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक नियम कडक पाळला जातो. न्हाणीघराची झडप उघडी असल्याखेरीज कोणी आंघोळीला जायचे नाही, आणि दाराला आतून कडी लावायची नाही. पाहुण्यांना संकोच वाटतो. पण या नियमामागे एक प्रसंग आहे, आणि त्या प्रसंगामागे एक शब्द आहे. खरे म्हणजे, एका शब्दाचा अभाव आहे. त्याविषयीच आज मला भांडायचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. घर माणसांनी भरलेले. गॅसचा गीझर पहाटे चारपासून सारखा चालू होता. थंडी आत येऊ नये म्हणून झडपेवर मीच पुठ्ठा ठोकला होता. तिघांची अभ्यंगस्नाने उरकली. चौथी गेली माझी पुतणी. बाहेर फुलबाज्या उडत होत्या, त्यामुळे ती पडल्याचा आवाज कोणाला आला नाही. पाणी वाहतेच आहे असे भावजयीच्या ध्यानात आले, तेव्हा दार फोडले. मुलीला उचलून अंगणात आणले, दवाखान्यात नेले, प्राणवायू दिला. दुपारपर्यंत ती बोलू लागली. देवाची कृपा, आणि भावजयीचे कान.

डॉक्टरांनी सांगितले, ‘कार्बन मोनॉक्साइड.’ भावजयीने मान हलविली. परत येताना वाटेत तिने मला हळूच विचारले, ‘भाऊजी, म्हणजे काय हो? गॅस गळला असता तर वास आला असता ना?’

घरी येऊन मी गीझरबरोबर आलेली पुस्तिका काढली. तीत धोक्याची सूचना होती. मराठीतही होती! मराठीत म्हणजे काय, तर इंग्रजी शब्द देवनागरी अक्षरांत उतरविले होते. बंद जागेत ‘कार्बन मोनॉक्साइड’ तयार होण्याची शक्यता आहे, असे तीत म्हटले होते. ज्या बाईने ही सूचना वाचून आपल्या मुलीला वाचवावयाचे, तिला ती काडीचीही कळत नव्हती. कायदा पाळला गेला होता. फक्त माणसाला सावध करावयाचे राहून गेले होते.

माझ्या बहिणीचा मुलगा वैद्यकी शिकण्यासाठी रीगाला असतो. रीगा ही लात्विया देशाची राजधानी, बाल्टिक समुद्राच्या काठची. ही हकीकत त्याला कळविली, तेव्हा त्याने उत्तर पाठविले, ‘मामा, इथे या वायूला पोरेसुद्धा नावाने ओळखतात. त्याला त्वना गाझे म्हणतात.’ त्वान्स म्हणजे चुलाण्यातल्या अर्धवट जळलेल्या निखाऱ्यांतून निघणारी, माणसाला गुंगवून मारणारी वाफ. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचते आहे तोवर धुराड्याची झडप लावू नये, हे त्याच्या घरमालकीण आजीने त्याला पहिल्याच हिवाळ्यात बजावले होते. पुढे रसायनशास्त्र आले, त्याने कोळशाचा हा वायू ओळखला, आणि लात्वियन माणसांनी त्याला आजीबाईचेच नाव ठेवून दिले. पुस्तकातला शब्द आणि स्वयंपाकघरातला शब्द एकच!

मग मी भाच्याकडून हवेच्या आणि वायूंच्या लात्वियन शब्दांची एक यादीच मागविली. मला ती भाषा येत नाही. पण यादी उघडली आणि नातलग भेटावेत तसे झाले. वाऱ्याला ते वेय्श म्हणतात, आपला वायू. धूर म्हणजे दूमी, आपला धूम. धुके म्हणजे मिग्ला, आपल्या मेघाचे भावंड. पाणी म्हणजे ऊदेन्स, आपले उदक. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ही नाती खरी आहेत. एकाच जुन्या घराण्याच्या या दोन शाखा, एक बाल्टिककाठी गेली, एक इकडे आली.

वायूंची नावे तर पाहण्यासारखी. ऑक्सिजन म्हणजे स्काबेक्लिस, ‘आंबट’ या अर्थाच्या शब्दावरून. हायड्रोजन म्हणजे ऊदेन्यरदिस, पाणी निर्माण करणारा. नायट्रोजन म्हणजे स्लापेक्लिस, गुदमरविणारा. दलदलीतून निघणारा मिथेन म्हणजे दलदलीचा वायू, आणि भूल देणारा तो प्रसिद्ध वायू म्हणजे हास्यवायू. यांतली पहिली तीन नावे जर्मन शब्दांच्या धर्तीवर बेतलेली आहेत; पण बेतताना कापड घरचे वापरले आहे.

हे लोक किती आहेत? सारा देश मिळून 19 लाखांच्या आसपास. 1918 साली ते स्वतंत्र झाले, 1919 साली त्यांनी आपले विद्यापीठ काढले. 1940 साली सोव्हिएत सत्तेने देश गिळला, तो 1991 साली सुटला. एवढ्या उलथापालथीत त्यांनी स्काबेक्लिस सोडला नाही. आणि आपण? 2011 च्या शिरगणतीत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. 2024 साली भाषेला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आणि न्हाणीघरात मुलीचा जीव घेऊ पाहणाऱ्या वायूला आपल्याजवळ नाव नाही!

आता आमचे विद्वान काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा की मराठी शब्द शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर नसतात. ‘प्राणवायू’ म्हटले की योगातल्या पंचप्राणांचा घोटाळा होतो. ठीक. मग ‘ऑक्सिजन’चा अर्थ काय? ग्रीक भाषेत ‘आम्ल निर्माण करणारा’. लाव्हाझिएला वाटले की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने हे नाव ठेवले. मिठाच्या आम्लात तो मुळी नसतोच, हे पुढे हम्फ्री डेव्हीने दाखविले. म्हणजे जगभर चालणारे हे नाव चक्क चुकीचे आहे, आणि लात्वियन ‘आंबट’ नावही त्याच चुकीचे अपत्य. म्हणून रीगात कोणी हवा आंबट लागते अशी तक्रार करीत नाही. शब्द काटेकोर असावा लागत नाही, तो रुळावा लागतो. त्यातून काटेकोरपणाच पाहायचा, तर आपला प्राणवायू दोघांहून सरस ठरेल.

दुसरा आक्षेप, मराठी शास्त्रीय शब्द अवघड असतात. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. ‘कर्बद्विप्राणिल’ म्हणताना आमच्या वडिलांच्या पिढीची जीभ अडखळत असे. पण तो दोष मराठीचा नव्हे; बैठकीवर बसून, कोशात बोट घालून शब्द पाडणाऱ्यांचा आहे. लात्वियनांनी शब्द चुलीजवळून आणि दलदलीतून उचलले. आणि आपल्याकडेही जिथे शब्द कामाला जुंपले गेले तिथे ते जगले. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो नत्र, स्फुरद आणि पालाश यांविषयी तासभर बोलेल. नत्राचा दुसरा हप्ता कधी द्यायचा हे तुम्हालाच शिकवील. हे शब्दही एके काळी नवेच होते. त्यांना पाणी मिळाले शेताचे, म्हणून ते उगवले. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला मात्र नत्र ठाऊक नाही आणि त्याच्या बापाला त्याचा अभिमान आहे.

तिसरा आक्षेप, मुलांना जगात जायचे आहे. जाऊ द्या की! लात्वियाची मुले जगात जात नाहीत काय? 2004 साली तो देश युरोपीय संघात गेला. मुले इंग्रजी शिकतात आणि घरी येऊन स्काबेक्लिस म्हणतात. एका तोंडात दोन शब्द मावतात.

माझा सोवळेपणाचा आग्रह नाही, हेही सांगून टाकतो. लात्वियन लोकांनी हेलियम, आर्गॉन, निऑन, क्लोरीन यांना आपले प्रत्यय लावून घरात घेतले. ‘गॅस’ शब्दही घेतला. आपणही ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणतो, ते मराठीच आहे. निऑनला मराठी नाव नसले तर कोणाचे काही बिघडत नाही, कारण निऑन कोणाला मारावयास येत नाही. ज्या वायूपासून जीव सांभाळावयाचा, त्याचे नाव मात्र घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला कळलेच पाहिजे. माझे सारे भांडण एवढ्यासाठी आहे.

भावजयीला त्या दिवशी मी समजावून सांगितले. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, याला तोही नाही. रक्तात शिरला की प्राणवायूची जागा हा पटकावतो, आणि प्राणवायूहून दोनशे पटींनी अधिक घट्ट चिकटून बसतो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हणजे कोंडलेल्या जागेत होतो, आणि माणसाला कोंडतो. कोंडवायूच की!’

कोणत्या समितीने हा शब्द मंजूर केलेला नाही. भावजयीने खडूने न्हाणीघराच्या दारावर लिहिला: ‘कोंडवायू! झडप उघडा.’ पुतणीने खाली एक पणती काढली. आता शेजारच्या दोन बिऱ्हाडांतही हा शब्द गेला आहे.

वाचकहो, याहून चांगला शब्द सुचला तर तो घ्या. माझी भावजय रागावणार नाही. पण नाव ठेवा. आणि उद्या पहाटे पाणी तापविण्यापूर्वी, झडपेवरचा पुठ्ठा तेवढा काढा.