डिग्री कशाची?

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या कॉफीला डिग्री असते. पितळी डबऱ्यात पितळी पेला, वर फेस, आणि नाव ‘डिग्री कॉफी’. हे नाव कशावरून पडलं, याबद्दल एकमत नाही. कोणी तो कॉफीत मिसळतात त्या चिकोरीचा अपभ्रंश मानतात. मला ते ओढूनताणून जुळवलेलं वाटतं. कोणाच्या मते फिल्टरमधून उतरणारं पहिलं, दाट डिकॉक्शन म्हणजे डिग्री. मला पटतं ते दुधाचं. लॅक्टोमीटरवर उतरलेलं, पाणी न घातलेलं गाईचं दूध ते डिग्रीचं, आणि त्याची ती डिग्री कॉफी.

मराठी शेतकऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. डेअरीवर ‘डिग्री कमी लागली’ म्हटलं, की पैसे कापले जाणार हे त्याला कळतं. तोच माणूस पोराला डिप्लोमानंतर डिग्रीला घालतो. त्याच पोराचा ताप सांगताना मात्र ‘एकशे दोन आहे’ म्हणतो, डिग्री गिळून टाकतो! आणि पोलिसांच्या ‘थर्ड डिग्री’ला तिसरा अंश म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय.

लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतो. गाईच्या दुधाला साधारण २८ ते ३२ डिग्री लागते. पाणी घातलं की आकडा उतरतो. पण साय दुधाहून हलकी. ती काढून घेतली की आकडा चढतो, मग बेताचं पाणी ओतून तो पुन्हा जागेवर आणता येतो. म्हणून तर डेअरीत डिग्रीच्या जोडीला फॅटही बघतात.

कॉलेजातल्या डिग्रीला अशी जोड नव्हती, हेही कुंभकोणमनेच पाहिलं. गणितज्ञ रामानुजन १९०४ साली तिथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या कॉलेजातही ते परीक्षा पास झाले नाहीत. बी.ए. मिळाली ती १९१६ साली केंब्रिजची, संशोधनावर. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं घर आज लोक मुद्दाम बघायला जातात.

तमिळनाडूच्या हायवेवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्यांची आता रांग लागलेली असते. तिथे थांबलात तर पाटीवर जाऊ नका, दूध कुठून येतं ते विचारा. आणि पितळी पेला दिसला म्हणून चार पैसे जास्त तर मुळीच देऊ नका.