लोणारचे गुलाबी पाणी आणि उन्हाने करपणारी मुले

चितेगावच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून निघालेला कामगार असो की जवळच्या वावरात कपाशी खुरपणारी बाई, दुपारच्या उन्हात दोघांच्याही त्वचेतल्या डीएनएची मोडतोड होत असते. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. एकेका पेशीत असे बिघाड हजारोंनी होतात आणि बहुतेक दुरुस्तही होतात. ही दुरुस्ती करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, कशी घडलेली असतात हे कळण्यासाठी शास्त्रज्ञांना खाऱ्या पाण्यातल्या आणि तापलेल्या झऱ्यांतल्या सूक्ष्मजीवांकडे जावे लागले.

असे एक खारे पाणी शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी जीवांचा निघाला. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे. पण त्यांचे कूळ निराळे, हे 1977 मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले. डीएनए हाताळण्याची त्यांची यंत्रणा तर जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींच्या अधिक जवळची आहे.

उघड्या उन्हात राहणाऱ्या या मीठप्रेमी गटात फोटोलायेज नावाचे विकर आढळते. ते चिकटलेल्या दुव्यांवर बसते, निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेते आणि गाठ सोडवते. म्हणजे उन्हाने मोडायचे आणि उजेडानेच जोडायचे! माणसाजवळ हे विकर नाही. आपली पद्धत लांबची: डीएनएचा पीळ उकलायचा, साधारण तीस दुव्यांचा तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या साखळीबरहुकूम नवा भरायचा.

पीळ उकलण्यात एक्सपीडी हे प्रथिन लागते. मानवी एक्सपीडी प्रयोगशाळेत हाताळणे अवघड. सल्फोलोबस हा आर्किया गरम, आम्लधर्मी झऱ्यांत राहतो. त्याचे याच घडणीचे प्रथिन मात्र टणक. 2008 मध्ये त्याची रचना उलगडली. चार भाग, मधोमध भोक, आणि लोह-गंधकाचा एक छोटा पुंजका. सुईत दोरा ओवावा तशी डीएनएची एक साखळी यातून ओवली जाते. रुग्णांमध्ये सापडलेले जनुकीय दोष या रचनेवर ठेवून पाहिल्यावर कोणता दोष काम थांबवतो आणि कोणता प्रथिनाचा सांगाडाच खिळखिळा करतो, हे दिसू लागले. लोणारच्या चिखलावर पैसा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ते रुग्ण म्हणजे झेरोडर्मा पिग्मेंटोसमची मुले. दुरुस्तीतले एखादे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आलेले असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल असलेल्या मराठवाड्यात ही शक्यता वाढते. दुसऱ्या वर्षाच्या आतच चेहऱ्यावर काळसर ठिपके, उजेडाने डोळ्यांतून पाणी आणि पुढे शाळकरी वयातच त्वचेचा कर्करोग. घरचे याला ‘ऊन बाधलं’ म्हणतात, मलम लावतात आणि वर्षे निघून जातात. काही मुले उन्हाने भाजतही नाहीत, फक्त ठिपके वाढतात. तिथे तर हमखास फसगत होते.

दोष बरा करणारे औषध नाही, पण कर्करोग टाळता येतो. तान्ह्या वयात असे ठिपके दिसले तर अंगणवाडी सेविकेने मुलाला थेट त्वचारोग विभागात पाठवावे. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, रुंद काठाची टोपी, अतिनील किरण रोखणारा चष्मा आणि दर काही महिन्यांनी त्वचा व डोळ्यांची तपासणी एवढे तरी हवेच. ढगाळ दिवशीही यात सूट नाही. शाळेनेही अशा मुलाला मैदानावरची प्रार्थना माफ करावी आणि खिडकीपासून लांबचा बाक द्यावा.