विश्लेषण : अणुभट्टीतून हायड्रोजन, पण घोडे नळ्यांपाशी अडलेले

जपानमध्ये ओआराई येथील ‘एचटीटीआर’ या प्रायोगिक अणुभट्टीने एप्रिल २००४ मध्ये ९५० अंश सेल्सिअस तापलेला हेलियम वायू बाहेर काढून दाखवला. नेहमीच्या अणुभट्टीतील पाणी ३०० अंशांच्या आसपासच तापते. तरीही या उष्णतेवर चालणारा हायड्रोजनचा कारखाना अद्याप उभा राहिलेला नाही. अडचण भट्टीपेक्षा उष्णता वाहून नेणाऱ्या हीट एक्स्चेंजरची अधिक आहे.

इतकी उष्णता कशाला?

आयोडीन आणि गंधकाच्या मदतीने, विजेऐवजी मुख्यतः उष्णतेने, पाण्यातून हायड्रोजन वेगळा करता येतो. आयोडीन, गंधक पुन:पुन्हा वापरले जातात. खर्ची पडते ते फक्त पाणी. मात्र या चक्रात गंधकाम्लाचे विघटन करायला ८५० अंशांच्या वर तापमान लागते.

भट्टीतला हेलियम थेट रासायनिक कारखान्यात नेत नाहीत. आधी त्याची उष्णता दुसऱ्या हेलियमला दिली जाते, तिथून आम्लाला. पहिल्या टप्प्यासाठी जपानने ‘हॅस्टेलॉय एक्सआर’ हा निकेलचा मिश्रधातू वापरला. पण एवढ्या तापमानात सततच्या दाबाखाली धातू हळूहळू ताणला जातो. शिवाय तापलेल्या भिंतीतून भट्टीतील किरणोत्सारी ट्रिटियम पलीकडे झिरपू शकतो; हायड्रोजन शुद्ध हवा असेल, तर हे चालणार नाही. दुसरा टप्पा याहून कठीण. तिथे आम्ल धातू खाते. सिलिकॉन कार्बाइड टिकते. पण ते ठिसूळ, आणि त्याचे सांधे जोडणे मोठे जिकिरीचे.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हे चक्र प्रयोगशाळेत काचेच्या उपकरणांत चालवून दाखवले आहे. हजार अंशांच्या छोट्या अणुभट्टीचा आराखडाही तिथलाच. काच आम्लाला पुरून उरते. पण ‘एचटीटीआर’मधील हेलियमचा दाब हवेच्या सुमारे ४० पट असतो. तिथे काच काय कामाची?

म्हणून आता पैसा या भिंतींवर लागला पाहिजे. त्यासाठी अणुभट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. विजेने तापवलेल्या हेलियमवरही नळ्या, सांधे तपासता येतात. अर्थात, धातूचा ताण मोजायला हजारो तास लागतात, आणि तेवढ्यात फीत कापायला कोणी येत नाही! राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य या मार्गाने गाठता येणार नाही, हेही उघड आहे. सौर वीज स्वस्त होत राहिली, तर हा मार्ग मागे पडेलही. पण त्याचा निकाल लावायला आधी आम्लात वर्षानुवर्षे तगणारी एक तरी नळी हातात हवी.