मरणाच्या यादीत श्रीमंत वर का?

करोनाचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी ती यादी पुढे करतो. दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत्यू किती, याची देशवार यादी. तीत अमेरिका साडेतीन हजारांच्या जवळ, ब्रिटन आणि इटली तिच्या आगेमागे, भारत चारशेच्याही खाली. वीस कोटींहून अधिक वस्तीच्या नायजेरियात तर साथीचे सगळे मिळून मृत्यू ३,१५५. मग निष्कर्ष तयारच असतो: एवढा पैसा, एवढी इस्पितळं, काय उपयोग झाला? आपली प्रतिकारशक्तीच दांडगी! हळद, ऊन, बीसीजीची लस, ज्याला जे रुचेल ते त्याने श्रेय म्हणून घ्यावं.

शंभर वर्षांपूर्वी हीच यादी बरोब्बर उलटी होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा देशोदेशीचा हिशेब ख्रिस्तोफर मरे, अ‍ॅलन लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. नोंदी मिळाल्या त्या देश-प्रांतांच्या मृत्युदरात तीस पटींहून जास्त तफावत निघाली. खालच्या टोकाला डेन्मार्क होता, वरच्या टोकाला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे आपलं नागपूर, अमरावती, अकोला. आणि या तफावतीचा मोठा भाग एकट्या दरडोई उत्पन्नाने उलगडत होता. गरीब मेले, श्रीमंत त्या मानाने वाचले. साथीकडून एरवी हीच अपेक्षा असते.

त्या काळी गावात नोंद ठेवणाऱ्याला इन्फ्लुएन्झा हा शब्दही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वहीत मरणाचं कारण म्हणून ‘ताप’ लिहिलं जायचं. पण मृत्यू लिहिला जायचा, हे महत्त्वाचं. एरवीच्या वर्षी तापाने आणि एकूण किती माणसं जातात ते वजा केलं, की साथीच्या बळींचा आकडा हाती येतो.  

तर मग २०२० मध्ये यादी उलटली कशी? पहिलं कारण वय. १९१८ च्या फ्लूने वीस ते चाळीस वयाची, कमावती माणसं उचलली. करोनाने म्हातारी माणसं नेली. श्रीमंत देशांतल्या २०२० च्या आकड्यांवरून अँड्र्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी काढलेलं गणित असं: संसर्ग झालेल्या पंचावन्न वर्षांच्या हजार माणसांमागे चार मृत्यू, पंच्याहत्तर वर्षांच्या हजारांमागे ४६. जपानात तीन-चार माणसांमागे एक पासष्टीच्या पुढचा. नायजेरियाचं मध्यम वय अठराच्या आसपास, म्हणजे निम्मा देश शाळा-कॉलेजच्या वयाचा किंवा त्याहून लहान. या दोन देशांचे सरसकट मृत्युदर शेजारी ठेवणं म्हणजे वृद्धाश्रमाची आणि वसतिगृहाची तुलना. वयाचा हा फरक बाजूला काढला की चित्र फिरतं. लेविन यांच्याच गटाने पुढे विकसनशील देशांचा अभ्यास केला, तेव्हा त्याच वयाच्या माणसाला तिथे मृत्यूचा धोका श्रीमंत देशांच्या साधारण दुप्पट निघाला.

दुसरं कारण मोजणीचं. झांबियाची राजधानी लुसाका. जून ते सप्टेंबर २०२० या काळात तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात आलेल्या ३६४ मृतदेहांच्या नाकातला स्वॅब संशोधकांनी घेतला. पाच-सहा जणांमागे एकात विषाणू सापडला. असे जे बाधित निघाले, त्यांतले बहुतेक इस्पितळात पोहोचलेच नव्हते, घरी किंवा वाटेत गेले होते. इस्पितळाबाहेर गेलेल्यांतल्या एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. जे इस्पितळात मेले त्यांच्यातल्याही थोड्यांचीच झाली होती. त्या वेळी आफ्रिका करोनातून कशी काय बचावली, याची कारणं शोधणारे लेख जगभर छापून येत होते.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. गोव्यात अधिकृत करोना मृत्यू चार हजारांच्या घरात. लोकसंख्या जेमतेम पंधरा-सोळा लाख, म्हणजे दर दहा लाखांमागे अडीच हजारांवर. केरळचा दर दोन हजारांच्या आसपास, महाराष्ट्राचा बाराशेच्या. बिहारचा शंभर! दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेलं गोवा मरणातही पुढे, आणि सगळ्यात गरीब राज्य सगळ्यात सुरक्षित. आता आतलं पाहू. गोव्यात जवळपास प्रत्येक मृत्यूच्या कारणाला डॉक्टरचा दाखला असतो. बिहारमध्ये असा दाखला नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी पाचांनाही मिळत नाही, आणि मुळात मृत्यूची नोंदच २०१९ मध्ये निम्म्याच्या आसपास होत होती. वय पाहावं तर केरळात साठीपुढचे साडेसोळा टक्के, बिहारमध्ये आठसुद्धा नाहीत. बिहार सरकारने ९ जून २०२१ रोजी आपला आकडा ५,४५८ वरून ९,४२९ वर नेला, तो उच्च न्यायालयाने पाठ धरल्यावर. गोव्याला यातून क्लीन चिट मिळते असं नाही. मे २०२१ मध्ये तिथे ऑक्सिजनअभावी जे रुग्ण दगावले, त्यांचं प्रकरण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठासमोर गेलंच. पण गोव्यातले मृत्यू कागदावर आले, हा त्याचा गुन्हा मानायचा का?

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये १९१८ चीच जुनी रीत वापरली: एरवी मेले असते त्यापेक्षा किती जास्त मेले? २०२० आणि २०२१ मिळून उत्तर आलं सुमारे एक कोटी ४९ लाख. देशांनी स्वतः जाहीर केलेला आकडा होता ५४ लाखांचा. जास्तीच्या मृत्यूंपैकी ८१ टक्के मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, १५ टक्के श्रीमंत देशांतले. जगाच्या लोकसंख्येत श्रीमंत देशांचा वाटाही साधारण तेवढाच आहे, म्हणजे जगातले सर्वाधिक म्हातारे पदरी असूनही त्यांच्या वाट्याला सरासरीएवढंच मरण आलं. पैशाचा उपयोग झाला नाही, असं म्हणणाऱ्यांनी या वाक्यावर जरा थांबावं.

अर्थात पैसा म्हणजेच सगळं, असंही या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यासाठी पेरूकडे पाहावं लागतं. साथीच्या आधी पेरू हे लॅटिन अमेरिकेतलं कौतुकाचं पोर होतं: भराभर वाढ, आटोक्यातली महागाई, भरलेली तिजोरी. टाळेबंदीही या देशाने १६ मार्च २०२० ला, खंडात अगदी सुरुवातीलाच आणि कडक लावली. तरी जाहीर मृत्युदरात तो जगात पहिला आला, दर दहा लाखांमागे सहा हजारांच्या वर. कारण टाळेबंदी पाळायची तर घरात फ्रीज लागतो, आणि निम्म्याच्या आसपास घरांत तो नव्हता. लोक रोज बाजारात जात राहिले आणि बाजारच संसर्गाचे अड्डे झाले. सरकारने हातावर पोट असलेल्यांसाठी पैसे काढले, तर अनेकांचं बँकेत खातं नव्हतं. मग बँकांपुढे रांगा लागल्या. दहापैकी सात कामगार असंघटित, त्यांना घरी बसा म्हणणं सोपं होतं. ऑक्सिजनचं तर विचारूच नका. वैद्यकीय ऑक्सिजन ९९ टक्के शुद्धच हवा, असा तिथला नियम होता. एरवी ९३ टक्क्यांचा चालतो, तो तयार करणारी छोटी यंत्रं इस्पितळातच बसवता येतात. नियम सैल झाला तो जून २०२० मध्ये. तोवर माणसं सिलिंडर खांद्यावर टाकून पहाटेपासून रांगेत उभी.

त्याच पेरूने ३१ मे २०२१ रोजी एक गोष्ट केली, जी फार थोड्या देशांनी केली. तज्ज्ञांची समिती नेमून सगळे मृत्यू तपासले आणि ६९ हजारांचा आकडा एका दिवसात १ लाख ८० हजारांवर नेला. ‘जगात सर्वाधिक’ हा शिक्का त्यानंतर बसला.

याउलट व्हिएतनाम. त्याचं दरडोई उत्पन्न पेरूच्या साधारण निम्मं. ऑक्टोबर २०१९ मध्ये, साथीच्या तोंडावर, कुठला देश महासाथीला किती सज्ज आहे याचा एक जागतिक निर्देशांक निघाला होता. १९५ देशांत अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. पेरू आणि व्हिएतनाम पन्नासाव्या क्रमांकापाशी शेजारीशेजारी. २०२० सरलं तेव्हा व्हिएतनामचे मृत्यू होते ३५. पुढच्या वर्षी डेल्टाने हो ची मिन्ह शहर झोडपलं, तरी एकूण मृत्यू ४३ हजारांच्या घरात थांबले. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १७७ देशांचा अभ्यास आला. त्यात असल्या सज्जतेच्या गुणांचा निकालाशी काही संबंध दिसला नाही. संसर्ग कमी राहण्याशी नातं दिसलं ते लोकांच्या सरकारवरच्या आणि एकमेकांवरच्या विश्वासाचं. पेरूत नोव्हेंबर २०२० मध्ये आठवड्याभरात तीन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारीत कळलं की माजी राष्ट्राध्यक्षांसह चारशेहून अधिक वजनदार मंडळींनी गुपचूप आधीच लस टोचून घेतली होती. अशा ठिकाणी ‘घरीच थांबा’ कोण ऐकणार?

आपल्याकडचा हिशेब अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू, सरकारच्या मते त्या काळात करोनाचे पाच लाखांच्या आत, आणि संघटनेची रीतच सरकारला अमान्य. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनाने गेलेल्यांच्या नातलगांना पन्नास हजारांची मदत जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा जास्त अर्ज आले. २०२१ च्या नागरी नोंदणीचा अहवाल मे २०२५ मध्ये, चार वर्षांनी बाहेर पडला. त्या वर्षी देशात १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले होते, आदल्या वर्षी ८१ लाख. वाढ एकवीस लाखांची. तीतली काही सुधारलेल्या नोंदणीमुळे असेल, ती वजा करायला हरकत नाही. त्या वर्षीचे अधिकृत करोना मृत्यू सव्वातीन लाखांच्या थोडे वर. आणि ‘दर दहा लाखांमागे’ म्हणताना आपण ज्या लोकसंख्येने भागतो, ती २०११ च्या जनगणनेवरून बेतलेली आहे. पुढची जनगणना २०२७ साठी ठरली आहे.