लाल दिव्याचा लपंडाव

मैत्रिणींनो, आमच्या मामंजींची जुनी फटफटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण! गेल्या पावसाळ्यात मात्र तिनं छळलं. चार्जिंगचा लाल दिवा गाडीनं वेग घेतला की विझायला हवा. तो मधेच पुन्हा लागे. एका रात्री रंकाळ्याजवळ हेडलाइट मंदावला अन् गाडी बंद! वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. ‘भंगारात घाला’ इथवर गोष्ट आली. मामंजी गप्प बसले.

अखेर उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी डायनामो उघडला. १९६१ ते १९९६ या काळात म्हैसूरला बनलेल्या जुन्या जावा-येझदींतही असाच डायनामो असे. आत आपल्या मिक्सरसारखेच कार्बन ब्रश, पार झिजलेले! टेकले तर चार्जिंग, नाहीतर नाही. त्यांनी ब्रश बदलले, कम्युटेटर पुसला, अर्थिंगची गंजलेली तार घासून आवळली.

तेव्हा बॅटरी बदलण्याआधी तिची टोकं, अर्थिंग आणि ब्रश तपासून घ्या. सहा व्होल्टच्या बॅटरीवर इंजिन जरा जोरात चालू असताना मीटरनं सातच्या आसपास दाखवलं, की चार्जिंग ठीक समजावं.

काल मामंजींनी स्वतःच मला शाळेत सोडलं. दिवा विझलेलाच होता!