बुजऱ्यांची कैफियत

प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यांत 'अबोल आहे', 'वर्गांत मिसळत नाहीं', 'धीटपणा वाढविणें जरूर' असे शेरे लिहिण्याचा शिक्षकवर्गांत जुना परिपाठ आहे. शेरा वाचून पालक चिंतातुर होतात, मुलास चारचौघांत दटावतात, आणि मूल अधिकच मिटतें. बुजरेपणा हा एक दोष असून तो दूर करणें हें शिक्षणाचें कार्य होय, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

हल्लीं आमचे विद्यार्थी मोबाइलच्या पडद्यावर जपानी चित्रमालिका पाहतात. वडील मंडळींस त्यांचा तिटकारा. आमचें मत इतकें कडक नाहीं. 'बोच्ची द रॉक' ही २०२२ सालीं निघालेली अवघ्या १२ भागांची मालिका घ्या. तिची नायिका हितोरी गोतो ही माणसांस इतकी बुजते कीं, घरांतल्या कपाटांत बसून गिटार वाजविते. 'बोच्ची' या तिच्या टोपणनांवांतच एकाकीपणाचा अर्थ आहे. पुढें ती एका वाद्यवृंदांत जाते. शाळेच्या उत्सवांत ऐन वादनांत तार तुटते, तरी ती वाजवीत राहते. इतकें होऊनहि ती वाचाळ होत नाहीं. जवळजवळ पूर्वीइतकीच बुजरी राहते. कथाकारानें तिला 'बरी' केली नाहीं, हा या मालिकेचा मोठा गुण होय. आमच्या बोधकथांत मुखदुर्बळ मुलगा अखेरीस वक्तृत्वाची ढाल मिळवितो, तेव्हां कोठें लेखकाचें समाधान होतें!

पण इतकें दूर तरी कशाला जावें? आमच्याच डहाणू तालुक्यांत, गंजाडच्या कळंबीपाड्यावर, जिव्या सोमा म्हसे हे चित्रकार राहत असत. १९३४ सालीं जन्मलेल्या या माणसाची आई लहानपणींच गेली, आणि त्या धक्क्यानें त्यांची वाचाच बसली. कित्येक वर्षें ते बोलत नसत. मनांतलें काय तें धुळींत चित्र काढून दाखवीत. असें मूल आज एखाद्या वर्गांत येऊन बसलें, तर त्याच्या वांट्यास कोणता शेरा येईल हें सांगावयास नको. त्यांत दुसरी विजोडता अशी कीं, वारली समाजांत लग्नाचा चौक लिहिणें हें सवाशिणींचें काम. गेरूशेणानें सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि ठेंचलेली बांबूची काडी, ही सारी बायकांची सामग्री, तीहि लग्नकार्यापुरती. जिव्या म्हसे मात्र पुरुष असून, आणि कसल्याहि निमित्तावांचून, रोज चित्रें काढीत बसत. १९७० नंतर थोड्याच वर्षांत भास्कर कुळकर्णी हे चित्रकार या भागांत आले, त्यांनीं हीं चित्रें पाहिलीं व कागदावर काढण्यास उत्तेजन दिलें. पुढें १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, २००९ सालीं नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ सालीं पद्मश्री, असे मान त्यांस मिळाले. २०१८ च्या मे महिन्यांत ते वारले. कुळकर्णी त्यांस धीट करावयास आले नव्हते. त्यांनीं हातांतलें काम तेवढें पाहिलें, ही गोष्ट आम्हांस सर्व पुरस्कारांहून अधिक विचार करण्याजोगी वाटते.

येथें एक सावधगिरी हवी. प्रत्येक अबोल मुलाच्या पोटीं थोर कलावंत दडलेला असतो, असें आमचें म्हणणें नाहीं. तशी आशा लावणें हाहि एक जाचच. ज्याच्या अंगीं विशेष कांहीं नाहीं, त्यानेंहि स्वतःशीं सख्य राखावें कीं नाहीं? याचें उत्तर मराठींत फार पूर्वीं एका पाली पंडितानें हंसत हंसत देऊन ठेविलें आहे. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव हा ना देखणा, ना शूर, ना हुशार. चारचौघांत गेला कीं फजिती ठरलेली. सोबतीस धटिंगण गुंड्याभाऊ! परंतु ती फजिती चिमणराव स्वतःच्या तोंडानें सांगतो, आणि सांगतांना स्वतःचा तिरस्कार करीत नाहीं. पुढें मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं ही जोडी घरोघर पोंचविली, तेव्हां लोक चिमणरावास हंसले खरे. त्याला सुधारण्याची इच्छा मात्र कोणास झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां आमच्या गांवचा प्रश्न. चिंचणींत दागिन्यांच्या डाया कोरणारे निष्णात कारागीर आहेत. एका डायेंतून सारखे नग भराभर निघतात, आणि धातूस तें शोभतेंहि. परंतु आमच्या पंचक्रोशींतलीं मुलें कांहीं एकाच पत्र्याचीं नव्हत. कोणी मांगेली कुटुंबांतला, कोणी वाडवळ, कोणी पाड्यावरून येणारी वारली मुलगी, तर कोणी बोईसरच्या कारखान्यांमुळें परप्रांतांतून आलेल्या कामगाराचा मुलगा. यांपैकीं पुष्कळांचें मौन हें स्वभावाचें नसून भाषेचें असतें. घरची बोली तोंडून निघाली कीं वर्ग खदखदां हंसतो. दोनदां असें झालें म्हणजे तिसऱ्यांदा मूल तोंडच उघडीत नाहीं. मग त्यासच 'अबोल' म्हणावयाचें, हा कोठला न्याय?

कोणी म्हणतील, उद्यां नोकरीच्या मुलाखतींत बोलावें लागेल, बँकेंत, इस्पितळांत बोलावें लागेल, तेव्हां काय? खरें आहे. कामापुरतें स्पष्ट बोलणें प्रत्येकास आलें पाहिजे, आणि तें शिकवितांहि येतें; पण तें आधीं दोघांत, मग चौघांत, तयारीस वेळ देऊन. आगाऊ सूचना न देतां व्यासपीठावर ढकलल्यानें धीटपणा येत नाहीं, शाळा चुकविण्याची सवय मात्र लागते.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत पडदा रंगविणारे, दिवे सांभाळणारे, नाटकाच्या नकला उतरून काढणारे यांचीं नांवें नटांच्या बरोबरीनें छापावींत, अशी आमची व्यवस्थापकांस सूचना आहे. ज्यांस तीं व्यासपीठावरून पुकारलेलीं नको असतील, त्यांनीं तसें चिठ्ठीवर लिहून कळवावें. चिठ्ठी वर्गशिक्षकांच्या मेजावर नुसती ठेविली तरी चालेल.